"मॅग्नम काडतुसाला मॅग्नम प्रायमर, आणि पावडर कमी टाकली की सेफ" हे खरं नाही

हा मेसेज इतक्यांदा फिरून आलाय की शेवटी उत्तर लिहायला बसलो. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: मॅग्नम रिव्हॉल्व्हरची काडतुसं स्वतः भरायला सोपी आहेत, नाव मॅग्नम म्हणजे प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, हॅमर पडला की पावडर पेटवणारी छोटी टोपी) मॅग्नमच घ्या, तो नाही मिळाला तर त्याच साइजचा रायफलचा टाका, पावडर (काडतुसातली दारू) बर्न रेटच्या, म्हणजे जळण्याच्या वेगाच्या, चार्टवर शेजारी असलेली कुठलीही चालते, भीती वाटत असेल तर चार्ज, म्हणजे भरायच्या पावडरचं वजन, दहापंधरा टक्के कमी ठेवा, आणि प्रायमर चपटा होत नाही तोवर प्रेशरची काळजी नको. नवीन माणूस हे वाचून खरंच तसं करेल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला, नावाचा. मॅग्नम हे काडतुसाचं नाव आहे, प्रायमरची ऑर्डर नाही. .३५७ मॅग्नम १९३५ साली आलं, .३८ स्पेशलची केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) साधारण साडेतीन मिलिमीटर लांब करून, म्हणजे जुन्या .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते चुकून बसू नये. प्रायमर ठरतो तो आतल्या पावडरवरून. एच ११० किंवा विंचेस्टर २९६ (या दोन्ही एकच पावडर आहेत, डब्यावरचं नाव वेगळं) ही बॉल पावडर, दाणे गोल आणि वरून जळणं मंदावणाऱ्या डिटरंटचा थर, त्यामुळे पेटायला कठीण, तिला मॅग्नम प्रायमरची मोठी आणि गरम ज्वाला लागते. पण २४०० नावाची पावडर घ्या. अमेरिकन बंदूक-लेखक एल्मर कीथ .४४ स्पेशलमध्ये याच पावडरचे जड लोड (गोळी, पावडर आणि प्रायमरची ठरलेली जुळणी) भरायचा आणि त्यातूनच १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आलं, ही पावडर साध्या प्रायमरवर व्यवस्थित पेटते. तिथे चार्ज तोच ठेवून नुसता प्रायमर मॅग्नम केला तर प्रेशर वर जाऊ शकतं, आणि किती वर जाईल ते तुमच्या स्केलवर दिसत नाही. विंचेस्टरचा लार्ज पिस्तूल प्रायमर तर एकच येतो, डब्यावर स्टँडर्ड आणि मॅग्नम दोन्ही लोडसाठी असं छापलेलं असतं, मग मेसेजवाल्याचा नियम तिथे लावायचा तरी कसा? मॅन्युअलमध्ये (लोडची माहिती देणाऱ्या पुस्तकात) त्या लोडपुढे जो प्रायमर लिहिलाय तोच घ्यायचा, आणि प्रायमर बदलला तर चार्ज स्टार्टिंग लोडवर, म्हणजे सुरुवातीच्या कमी चार्जवर, आणून परत हळूहळू वर जायचं, म्हणजे मॅन्युअलमध्ये त्या पावडरला स्टार्टिंग लोड दिलेला असेल तर.

आता "कमी टाका म्हणजे सेफ" हा मुद्दा, यानेच मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ऐकायला हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. बहुतेक पावडरींना तो बऱ्यापैकी लागूही पडतो, एच ११० ला नाही. ही पावडर विकणारी हॉजडन कंपनी स्वतः सांगते की या पावडरचा दिलेला चार्ज ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका. गणितासाठी २० ग्रेन (पावडर तोलायचं माप) धरा (हा लोड नाही, फक्त आकडा आहे), त्याचे ३ टक्के म्हणजे ०.६ ग्रेन, जेमतेम ३९ मिलिग्रॅम. दहापंधरा टक्के कमी केले तर तुम्ही कितीतरी बाहेर गेलात. ही पावडर नीट जळायला केस जवळजवळ भरलेली लागते आणि प्रेशर झपाट्याने चढावं लागतं. केसमध्ये जागा रिकामी राहिली की पावडर खालच्या बाजूला आडवी पसरते, प्रायमरची ज्वाला वरून निघून जाते, थोडी पेटते, तेवढ्यात गोळी केसमधून सुटते, प्रेशर पडतं आणि उरलेली पावडर विझते. याच कारणासाठी घट्ट रोल क्रिम्पही (केसचं तोंड गोळीवर आत वळवणं) लागतो, गोळी क्षणभर धरून ठेवायला. तो ढिला असेल तर आधीच्या शॉटच्या धक्क्याने पुढची गोळी केसमधून पुढे सरकते आणि सिलिंडरच अडकतो, ते वेगळंच.

मी हे डोळ्यांनी पाहिलंय. धाड असा आवाज यायच्या ऐवजी फट् झालं, हाताला धक्का जवळजवळ नाहीच, आणि सिलिंडर उघडला तर अर्धवट जळलेले पिवळट दाणे सगळीकडे, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकाम्या केसेस बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) स्टारखाली इतके साचलेले की दुसरं काडतूस पूर्ण आत बसेना. बॅरलमध्ये क्लीनिंग रॉड घातला तर मधेच थांबला, गोळी आत अडकली होती. गोळी अर्धी सिलिंडरमध्ये आणि अर्धी बॅरलमध्ये राहिली तर सिलिंडर फिरतच नाही, तेव्हा नशीब म्हणायचं. ती पूर्ण बॅरलमध्ये गेली तर सिलिंडर मस्त फिरतो, हॅमर पडतो आणि पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळते, बॅरल फुगते नाहीतर फाटते. त्यामुळे आवाज जरा जरी वेगळा आला तर थांबा, रिव्हॉल्व्हर रिकामं करा, रॉड घालून बघा, मगच पुढचं. आणि हलके लोडच हवे असतील तर त्यासाठी वेगळ्या पावडरी आहेत, मॅन्युअलमध्ये त्यांचे लोड दिलेले असतात.

रायफलच्या प्रायमरबद्दल. लार्ज रायफल आणि लार्ज पिस्तूल प्रायमरचा व्यास एकच, म्हणून लोक फसतात, पण रायफलचा साधारण ०.२ मिलिमीटर जास्त उंच असतो. पिस्तूल प्रायमरच्या पॉकेटमध्ये (केसच्या बुडातल्या खळग्यात) तो वर राहतो, मागच्या फ्रेमला घासतो, सिलिंडर अडतो. स्मॉलमध्ये माप जुळतं, पण रायफलच्या प्रायमरचा पत्रा कडक असतो, हलक्या स्प्रिंगचा हॅमर पडला तरी कधीकधी फुटतच नाही. .४५४ कॅसूलमध्ये स्मॉल रायफल प्रायमर वापरतात हे खरं, पण ते काडतूसच तसं बनवलंय, त्याचं कमाल प्रेशर ६५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि .४४ मॅग्नमचं ३६,०००. त्याचं उदाहरण इथे देऊन काय उपयोग.

चपटा प्रायमर बघून प्रेशर ओळखायचं हे तर अजिबातच नको. एका कंपनीचा पत्रा मऊ असतो, तो साध्या लोडलाही चपटा दिसतो, दुसरीचा कडक, तो प्रेशर मर्यादेच्या वर गेलं तरी गोलच राहतो. रिकाम्या केसेस सिलिंडरमधून ठोकून काढाव्या लागल्या तर ती जास्त खरी खूण, पण ती दिसली याचा अर्थ तुम्ही आधीच पुढे गेलायत.

उरला बर्न रेटचा चार्ट. त्यात पावडरी फक्त वेगाने जळणारी ते सावकाश जळणारी अशा क्रमाने मांडलेल्या असतात, दोन नावांमधलं अंतर त्यात कळत नाही, तेव्हा शेजारी आहे म्हणून एकीचा चार्ज दुसरीला लावता येत नाही. नुसतं बघूनही पावडर ओळखता येत नाही, म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा, काम झालं की पावडर त्याच डब्यात परत, लेबल गेलेल्या डब्यातली पावडर वापरायचीच नाही. आणि वेगाने जळणारी पावडर घेतली असेल, बुल्सआयसारखी, तर चार्ज इतका छोटा असतो की मॅग्नमच्या लांब केसमध्ये दोनदा पडला तरी मावतो, बाहेर सांडत नाही. गोळ्या बसवायच्या आधी ब्लॉकमधल्या (केसेस उभ्या ठेवायच्या फळीतल्या) पन्नासच्या पन्नास केसेसमध्ये टॉर्च मारून पातळी बघा, एखादी शेजारच्यांपेक्षा वर किंवा खाली दिसली तर ती ओतून परत तोला.