आधी मूळ तिकीट, मग वरचा छाप

चिनी अधिछापित टपाल तिकिटांचे, म्हणजे मूळ तिकिटावर नंतर नवी अक्षरे वा किंमत छापलेल्या तिकिटांचे, मोल केवळ त्या वरच्या अक्षरांवरून ठरवावे, असा सल्ला या तिकिटांवरील एका लेखात दिला आहे; तो मला अपुरा वाटतो. १८९७ची ‘रेड रेव्हेन्यू’ तिकिटे, म्हणजे टपालासाठी अधिछाप मारलेली लाल महसुली तिकिटे, लंडनच्या वॉटरलो कंपनीने कोरीव ठशावरून छापलेली असल्याने तिरप्या उजेडात भिंगाखाली त्यांच्या रेषांची शाई किंचित उठून दिसते, तर अनेक नकली तिकिटे सपाट असतात. लहान अक्षरांतील एक डॉलरचा अधिछाप असलेली तर तीसेक तिकिटेच ज्ञात आहेत. असे तिकीट जुन्या अल्बमात सापडल्याचा दावा तज्ज्ञांच्या प्रमाणपत्राशिवाय मुळीच मानू नये. आपल्याकडील संग्रहांत, १९००मध्ये चीनला गेलेल्या हिंदी फौजेसाठी ‘सी.ई.एफ.’ (चायना एक्स्पिडिशनरी फोर्स) ही अक्षरे छापलेली भारतीय तिकिटे मिळण्याची शक्यता अधिक, आणि ती लष्करी टपालाच्या शिक्क्यासह पाकिटावर असतील तर कृपया भिजवून सोडवू नयेत.