टीव्हीला मंडळीत घेताना

ख्रिस्ती घरात टीव्ही असावा की नसावा, हा प्रश्न तुम्हाला अजून पडत असेल तर तुम्ही खरेच भाविक आहात. टीव्ही तुमच्याही घरात आहे, ते मला ठाऊक आहे. पण प्रश्न पडत राहिला पाहिजे. मालिका बघताना मनाला जी बारीकशी टोचणी लागते, तिच्यावरच आपल्यातल्या कित्येकांचे आत्मिक जीवन चालले आहे. ती गेली तर उरायचे काय?

आधी जागा ठरवू. आपल्या बऱ्याच घरांत दर्शनी भिंतीवर एक पाटी असते: ख्रिस्त या घराचा मस्तक आहे, प्रत्येक भोजनाच्या वेळचा अदृश्य पाहुणा, प्रत्येक संभाषण शांतपणे ऐकणारा. टीव्ही बरोबर तिच्याखाली टांगावा. नवा मोठा टीव्ही घेतलात आणि पाटी झाकली जाऊ लागली, तर पाटी वर सरकवावी. टीव्ही खाली घेऊ नये, बघताना मान अवघडते. पाहुणा अदृश्य आहे, त्याला खुर्ची लागत नाही. आणि जेवताना संभाषण म्हणाल, तर ते एकटी मालिकेतली सासू करते, आपण भाजी वाढा म्हणतो तेही हाताने खुणावून. ऐकणाऱ्याचे काम केवढे हलके झाले!

चर्चचे पाळकसाहेब घरभेटीला आले तर टीव्ही बंद करू नका. एकदम बंद केला की चोरी पकडल्यासारखे दिसते. नुसता आवाज घालवावा, त्यात आदर दिसतो. प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, तेव्हा स्कोअर बघून घ्यायला हरकत नाही. आमेन म्हटल्यावर पाळकसाहेबांनीच ‘किती झाले?’ विचारले तर मात्र दचकू नका.

कोणी शास्त्र काढलेच, तर तुम्हीही शास्त्र काढा. उजवा डोळा पाप करायला लावत असेल तर उपटून टाक, असे बायबलात मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. तिथे डोळा म्हटले आहे, टीव्ही नाही. डोळाही उजवाच सांगितला आहे, आणि टीव्हीला डावा पुरतो. कॅथलिक बांधवांचे तर आणखी बरे. पोप बारावे पायस यांनी १९५८ मध्ये असिसीच्या संत क्लारा यांना टीव्हीच्या आश्रयदात्या संत म्हणून जाहीर केले. या बाई तेराव्या शतकातल्या. अंथरुणाला खिळल्यामुळे नाताळच्या मिस्साबलिदानाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाता आले नाही, तर ते त्यांना पडल्या पडल्या खोलीच्या भिंतीवर दिसले, अशी कथा आहे. वीज नाही, केबल नाही, रिचार्ज नाही. तेव्हा तब्येतीचे कारण सांगून रविवारी घरी बसायला थेट संतांचा आधार आहे. त्या खरोखर आजारी होत्या, एवढा तपशील गाळावा.

उपासनेला उशिरा पोहोचण्याचीही लाज वाटू देऊ नका, त्यालाही इतिहास आहे. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले, रविवारी सकाळी साडेनऊला. ते संपते न संपते तोच २ ऑक्टोबर १९८८ ला ‘महाभारत’ आले, तेही रविवारी सकाळीच, आणि जून १९९० पर्यंत चालले. त्या काळात नऊच्या उपासनेला किती जणांच्या सायकली पंक्चर झाल्या, ते त्या सर्वज्ञालाच ठाऊक.

पण टीव्ही खऱ्या अर्थाने शुद्ध करून घ्यायचा तर भक्तीची वाहिनी लावावी. बघायलाच पाहिजे असे नाही. ती लावून ठेवावी आणि आपण स्वयंपाकघरात कांदा चिरावा, घर आपोआप पवित्र होत राहते. पडद्यावर सुटातला वक्ता इंग्रजीत गरजतो, शेजारी उभा दुभाषी तेच हिंदीत गरजतो. याने बोट वर केले की त्यानेही करायचे, हा गुडघ्यावर आला की तोही येतो. खाली पट्टीवर बँकेचा खाते क्रमांक सरकत असतो. रविवारी चर्चमध्ये दानाची पिशवी समोर आली की दहाची नोट चार घड्या घालून टाकणारे आपण, तो क्रमांक मात्र चष्मा लावून उतरवून घेतो. अमेरिकेतले टीव्हीवरचे धर्मोपदेशक ओरल रॉबर्ट्स यांनी १९५० च्या दशकातच प्रेक्षकांना टीव्हीवर हात ठेवून प्रार्थना करायला सांगितले होते. आताच्या सपाट पडद्यावर तसे करू नका. बोटांचे ठसे उठतात, आणि ते वॉरंटीत बसत नाही.

या टीव्हीवरच्या पाळकाचे फायदे किती सांगावेत! तो वर्गणीची पावती घेऊन दारात उभा राहत नाही. मुलीचे कुठे जमले का, विचारत नाही. तुम्ही चार रविवार दिसला नाहीत हे त्याच्या ध्यानात येत नाही. तुम्ही दवाखान्यात असलात तर तिथेही येत नाही, म्हणजे चहा सांगायला नको. २०२० च्या टाळेबंदीत आपण सगळेच या सोयीची चव घेऊन बसलो. पहिल्या रविवारी गीताला उभे राहिलो, मग बसून म्हटले, मग आडवे होऊन ऐकले. चर्चची दारे उघडली तेव्हा कित्येकांना उठवेना.

काही कडक घरांनी टीव्ही बाहेर काढला, त्यांचेही कौतुक आहे. आता तिथे पाच माणसे, पाच मोबाईल. प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे, अशी प्रभूची आज्ञा आहे. तरुण मुले त्यातला खोलीचा आणि दाराचा भाग काटेकोर पाळतात. आणि ज्या वडीलधाऱ्यांनी एकेकाळी टीव्हीला सैतानाची पेटी म्हटले, तेच हल्ली म्हणतात, टीव्ही होता तेव्हा निदान सगळे एका खोलीत तरी बसायचे.

राहता राहिली कौटुंबिक प्रार्थना. ती जाहिरातींत बसवावी. शास्त्रपाठासाठी स्तोत्र ११७ घ्या, दोनच वचने आहेत. ११९ चुकूनही उघडू नका, १७६ आहेत. आणि प्रार्थना आजीला सांगू नका. ती सगळा गोतावळा नावानिशी घेते: नगरच्या भाच्याची नोकरी, दुबईच्या नातवाचा व्हिसा, शेजारच्या काकूंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन. जाहिराती संपतात, मालिका सुरू होते, रिमोट हातात घेऊन सगळे मिटल्या डोळ्यांनी ताटकळतात, आणि आजी शेवटी मालिकेतल्या सुनेसाठीही मागते, की प्रभू, त्या पोरीला सासरी जरा सुखाचे दिवस दाखव.