वाण्याची वही आणि सारफथची विधवा

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मंगळवारी वाचली, उत्तर आज उपासनेहून घरी आल्यावर लिहिते आहे. मधे दोनदा लिहून खोडलं. दोन्ही वेळा मी चिडलेली होते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या ह्यांचा पगार चार महिने आला नाही, तरी पिठाचा डबा तळाला गेला नाही. बायबलमधल्या सारफथ गावच्या विधवेचं पिठाचं मडकं दुष्काळात संपलं नाही, तसं देवाने पुरवलं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत : डबा देवाने भरला की वाण्याने? आणि ज्यांचे डबे रिकामे झाले, त्यांचा विश्वास कमी पडला का?

पहिल्या प्रश्नात तुम्ही मला बरोबर पकडलंत. वाण्यानेच भरला. क्वार्टर गेटजवळचं आमचं नेहमीचं दुकान. अर्धं शटर वर, आत लाल कापडी पुठ्ठ्याची वही. गहू १० किलो, तेल १ पाकीट, तूरडाळ अर्धा किलो, असं वाणीकाका लिहीत जायचे आणि आकडा माझ्याकडे फिरवायचे नाहीत. ऑगस्टात मी स्वतः विचारलं तेव्हा बेरीज झाली. शिवाय मे-जूनमध्ये केशरी कार्डावर ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ मिळाला, तोही मी लेखात गाळला. साक्ष देताना आम्हा चर्चवाल्यांना ही खोडच असते. माणसं गाळली की चमत्कार मोठा दिसतो.

पण गंमत बघा. तुमच्यामुळे बायबलमधला त्या विधवेच्या गोष्टीचा अध्याय, १ राजे १७, पुन्हा उघडला. देव एलीया संदेष्ट्याला सांगतो, मी तिथल्या एका विधवेला तुझं पोषण करायला सांगितलं आहे. एलीया वेशीजवळ पोचतो तेव्हा ती काटक्या वेचत असते. घरात मूठभर पीठ आणि थोडं तेल. तेवढ्याचं करून मायलेक खाणार आणि मरणार. हा परका माणूस म्हणतो, आधी मला दे. मी लेखात स्वतःला त्या विधवेच्या जागी बसवलं होतं. नीट वाचलं तर मी एलीया होते. पीठ दुसऱ्याचं होतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. 'त्यांचा विश्वास कमी पडला' हे मात्र मी कधीच म्हणणार नाही. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात हीच गोष्ट काढतो : साडेतीन वर्षं पाऊस नव्हता, इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या, एलीयाला पाठवलं ते एकीकडेच, तेही सीदोनातल्या परक्या बाईकडे. उरलेल्यांचं काय झालं ते तो सांगत नाही. ऐकणारे इतके भडकले की त्याला कड्यावरून ढकलायला निघाले. तुम्ही तर फक्त प्रतिक्रिया लिहिलीत.

माझ्या विश्वासाला तुम्ही 'सुखवस्तू माणसाचं तत्त्वज्ञान' म्हणालात, ते मला लागलं. पंडिता रमाबाईंचे आई, वडील आणि थोरली बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात गेले. ज्यांची माणसं उपासमारीत गेली, त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. केडगावच्या आपल्या आश्रमात त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि विहिरीही खणल्या. त्यांच्या विश्वासाला सुखवस्तू म्हणायची माझी तरी छाती नाही.

माझी आजी नगर जिल्ह्यातली. १९७२ च्या दुष्काळात ती रोज खडी फोडून संध्याकाळी मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल धान्याच्या, भाकरी थापायची. लाल, चिरणाऱ्या, घशाखाली न उतरणाऱ्या. प्रभूच्या प्रार्थनेतलं 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' म्हटल्यावर एकदा माझ्या बाबांनी नाक मुरडलं, तर ती म्हणाली, "भाकर मागितली, मिळाली. ज्वारीची पाहिजे असं बोलला होतास का?" आणि एक भाकर शेजारच्या घरात पाठवली. प्रार्थनेत 'माझी' नाही, 'आमची' आहे, हे मला पाळकांच्या प्रवचनापेक्षा त्या भाकरीने जास्त समजावलं.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे. वाणीकाकांचं नावही घालणार होते, म्हणून परवा दुकानात जाऊन विचारलं. ते घाईघाईने म्हणाले, "नाव नको हां ताई. उद्या सगळं चर्च उधारी मागायला येईल."