पाच रुपयांचा पुडा आणि अकरा महिन्यांची नात: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

दोन वर्षांच्या आतल्या लेकराला तळलेले कुरकुरीत पुडे, चिप्स, मसाल्याचे नूडल्स, क्रीमची बिस्किटं द्यायचीच नाहीत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईनं रडत्या लेकराच्या हाती पाच रुपयांचा पुडा दिला तर एवढा बोभाटा कशाला? आपण सगळे चहा-बिस्किटावरच वाढलो, कोणाला काय झालं? शहरातल्या पोरांचा बर्गर कोणाला दिसत नाही, गरिबाचा पुडा तेवढा खुपतो. आणि शेवटी, तुमची अकरा महिन्यांची नात पुडा फोडल्याचा आवाज आल्याशिवाय तोंडच उघडत नाही.

तुमच्या रागातलं बरंचसं मला मान्य आहे. वेचाई किलोवर मिळते. दुपारी धुऱ्यावर बसून लेकराला निवांत भरवायचं म्हटलं तर तेवढा कापूस कमी वेचला जातो, तेवढे पैसे कमी येतात. लेकरू असतं सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. "थे रडते तं मी काय करू? पुडा देल्ला का चूप बसते," हे मी अंगणवाडीत काम करताना नेहमी ऐकायची. त्या पोरीला किंवा तिच्या मायला बोल लावावा असं मला कधीच वाटलं नाही. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात लिहिलं होतं की कामावरच्या बायांसोबत पाच किंवा जास्त लहान लेकरं असली तर त्यांच्यातल्याच एकीला लेकरं सांभाळायला बसवायचं आणि तिला मजुरी द्यायची. कापसाच्या शेतात असं काहीच नाही. दिवाळीपासून वेचणी संपेपर्यंत गावात एका बाईला या कामावर बसवावं, ही मागणी ग्रामसभेत तुम्ही मांडा, मी तुमच्या बाजूनं लिहीन.

पण मायचा दोष नाही म्हणून पुडा चालतो, हे मात्र मी मानणार नाही.

तुमच्या नातीचाच हिशोब करू. या वयाच्या बाळाचं वजन आठ किलो धरलं तर त्याच्या पोटात एका वेळी २४० मिलीच्या आसपास मावतं, किलोमागे साधारण ३० मिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं ९ ते ११ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या खाण्यातून दिवसाला ३०० उष्मांक लागतात. २० ग्रॅमचा तळलेला पुडा म्हणजे १०० च्या वर उष्मांक. एका पुड्यात दिवसाच्या वरच्या खाण्याचा तिसरा हिस्सा गेला, आणि त्यातून मिळालं काय? मैदा किंवा मक्याचं पीठ, तेल आणि मीठ. जन्मताना बाळ जे लोह घेऊन येतं ते सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतं, आईच्या दुधात लोह थोडंच असतं. म्हणजे त्यानंतरचं लोह वरच्या खाण्यातूनच यायला पाहिजे, आणि नेमकी तीच जागा पुडा घेतो. पुडा विषारी आहे असं मी कुठंही म्हटलेलं नाही. एवढ्याशा पोटात तो वरण-भाताची, अंड्याची जागा अडवतो, म्हणून माझा विरोध आहे.

चहा-बिस्किटाचंही तसंच. ग्लुकोज बिस्किटाचं पाकीट उलटं करून वाचा, साधारण चौथा हिस्सा साखर असते. वरून चहा, जो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की पाच वर्षांच्या आत चहा-कॉफी नकोच. आपल्याकडे दात आले नाहीत तोवर बशीतला चहा सुरू होतो, आणि तोही कौतुकानं.

"कोणाला काही झालं नाही" हे वाचून मात्र मला वाईट वाटलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. सहा महिने ते पाच वर्षांच्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी होतं. हे सगळं पुड्यानं झालं असं मी म्हणत नाही. गरिबी आहे, मायचंच रक्त कमी आहे, वारंवार हगवण आहे. पण अशा घरातलं लेकरू आजारी दिसत नाही. "बापावर गेलं, बारीकच हाय," असं म्हणतात आणि विषय संपतो.

शहरातल्या बर्गरबद्दल: नऊ महिन्यांच्या बाळाला तळलेला बटाटा भरवणारे मोटारीतून आले तरी माझं म्हणणं तेच. फक्त त्या बाळाला त्याच दिवशी दूध, फळ, अंडं मिळण्याची शक्यता जास्त असते. आपल्या लेकराच्या ताटात मुळातच कमी असतं, म्हणून इथं पुडा जास्त नुकसान करतो. आणि कायद्याकडेही बघा. बाळाचं दूध, बाळाचं खाणं म्हणून जे विकलं जातं त्याची जाहिरात १९९२ च्या कायद्यानं आणि २००३ च्या दुरुस्तीनं बंद केली. पुडा बाळाचं खाणं म्हणून विकलाच जात नाही, त्यामुळे तो यातून सुटतो आणि किराणा दुकानाच्या दारात, रांगत्या लेकराच्या नजरेसमोर माळेनं लटकतो.

मग शेतात न्यायचं काय? सकाळच्या मुगाच्या वरणात भात किंवा मऊ भाकर कुस्करून, वर चमचाभर तेल, डब्यात. उन्हाच्या दिवसांत ते दुपारपर्यंत आंबतं, तेव्हा कोरडं न्यावं: गहू आणि डाळ्याचा सातू, त्यात शेंगदाण्याचा बारीक कूट. धुऱ्यावर उकळून गार केलेल्या पाण्यात कालवला की झालं, सात-आठ वर्षांच्या पोरीलाही जमतं. पिकलं केळं आहे. दोन पुड्यांच्या पैशात उकडलेलं अंडं होतं. फुटाणे आणि अख्खे शेंगदाणे मात्र नकोत, ते श्वासनलिकेत अडकतात. अंगणवाडीतून मिळणाऱ्या घरपोच आहाराची चव लेकरांना आवडत नाही ही तुमच्या भागातली तक्रार खरी आहे, पण गुरांपुढे टाकण्याआधी तो नेहमीच्या खिचडीत थोडा मिसळून पाहा.

आता तुमची नात. घरातल्या मोठ्या पोरांनी तिच्यासमोर पुडा फोडायचा नाही, ही पहिली गोष्ट. सुरुवातीला ती रडेल, तोंड फिरवेल, तरी जबरदस्ती करू नका. भूक लागू द्या, मग घरचंच मऊ करून तिच्या हातानं खाऊ द्या. आईचं दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षं आणि पुढेही. आशाताईंकडून लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा १ मिली. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार बराच आहे, घरात कोणाला असेल तर सिरप सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारा. आणि या महिन्यात अंगणवाडीत तिचं वजन करून घ्या, तक्त्यावर ते कुठल्या पट्ट्यात येतं ते इथंच खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगते.