इफेची शिल्पं परक्यांची? उत्खनन काय सांगतं

नायजेरियातल्या इले-इफेची धातूची आणि मातीची शिरं ग्रीकांनी, निदान पोर्तुगिजांनी घडवली; योरुबांचा, म्हणजे तिथल्या लोकांचा, लेखी इतिहास नाही, म्हणून त्यांच्यावर काम करणारा पुरातत्त्वज्ञ जन्मभर दंतकथाच गोळा करतो, असा मजकूर सध्या सर्रास फिरतोय. यातलं परक्यांचं खूळ जुनं आहे. 1910-11 मध्ये तिथे गेलेल्या लिओ फ्रोबेनियस या जर्मन अभ्यासकाने या शिल्पांचं नातं थेट अटलांटिसशी, ग्रीक दंतकथेतल्या बुडालेल्या बेटाशी, जोडलं होतं.

पोर्तुगीज या किनाऱ्यावर पोचले 1470 च्या दशकात. आता शिल्पांचा काळ बघा. ओतीव शिराच्या पोटात मातीचा गाभा उरतो. रसाच्या उष्णतेने त्या मातीत साठलेली ऊर्जा निघून जाते आणि तिथून पुन्हा साठू लागते. ती मोजली की ओतकामाचाच काळ हाती येतो. पुरातत्त्वज्ञ फ्रँक विलेट यांनी या पद्धतीने काढलेल्या तारखा चौदाव्या-पंधराव्या शतकाभोवती येतात. इफेतल्याच इता येमू इथे त्यांनी खणलेल्या खड्ड्यांतला कोळसा कार्बन-14 च्या मोजणीने आणखी मागे, अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत जातो. कोळशाची एक अडचण असते: जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड जळलं असेल तर तारीख फसवी, जास्त जुनी येते. म्हणून पुरातत्त्वज्ञ पीटर गारलेक यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला इफेतच दुसऱ्या जागी केलेलं उत्खनन मोलाचं. त्यांचाही काळ बाराव्या ते चौदाव्या शतकात बसतो.

तांबं बाहेरून व्यापाराने आलं, हे खरं. पण कारागिरी तिथलीच. ओबालुफोन या इफेच्या जुन्या राजाचा म्हणून ओळखला जाणारा मुखवटा जवळपास शुद्ध तांब्याचा आहे. असं तांबं ओतणं भल्याभल्यांना जड जातं: 1085 अंशांना वितळतं, रस वायू शोषतो आणि थिजताना आत पोकळ्या धरतात.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र काचेचा, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. इफेतल्या इग्बो ओलोकुन इथे पुरातत्त्वज्ञ अबिदेमी बाबालोला यांना हजारो मणी मिळाले, शिवाय काच चिकटलेल्या मुशींचे (काच वितळवायच्या भांड्यांचे) शेकडो तुकडे आणि कारखान्याचा कचरा. मणी व्यापारात कुठूनही येतात. फुटक्या मुशी कोणी विकत आणत नाही. या काचेत चुना आणि ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) दोन्ही 10 टक्क्यांच्या वर आहेत. भूमध्य सागराकडच्या काचेत ॲल्युमिना फार कमी, आपल्याकडच्या जुन्या मण्यांत ते भरपूर पण चुना कमी. इफेची पाककृती दोन्हींशी जुळत नाही.

राहिल्या दंतकथा. पुरातत्त्वज्ञ अकिनवुमी ओगुंदिरन मौखिक परंपरा वापरतात, पण तपासून. एदे-इले ही ओयो या योरुबा राज्याची वसाहत, असं परंपरा सांगते. त्यांनी तिथे खणलं तेव्हा ओयो घडणीची मडकी आणि घोड्याचे अवशेष मिळाले. घोडदळ ही ओयोची ताकद होती. शिवाय त्या जागी बाओबाबची झाडं उभी आहेत, जी मूळची उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातली. खड्ड्यात नुसती स्थानिक मडकी निघाली असती, तर ती कथा पुराव्याविना उरली असती.