झाडं असताना यंत्रं कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

मॅडम, नमस्कार.

कृत्रिम पानावरच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली, ती दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचली. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या शिक्षिकेने इतक्या तळमळीने कान उपटल्यावर घाईघाईने उत्तर टाकणं बरं दिसलं नसतं. तुमचे आक्षेप तीन. मी पानावर अन्याय केला. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषण्याचं काम झाडं फुकट करत असताना त्यासाठी यंत्रांवर पैसा घालणं चूक आहे. आणि या यंत्रांच्या आडून कोळसा-तेलवाले आपला धंदा तसाच चालू ठेवतील.

पहिला आक्षेप पूर्ण मान्य. हार्वर्डच्या डॅनियल नोसेरा आणि पामेला सिल्व्हर यांनी २०१६ साली ‘बायॉनिक पान’ दाखवलं. विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, तो जिवाणूंना द्यायचा आणि त्यांच्याकडून कार्बन डायऑक्साइडचं जैविक द्रव्य करून घ्यायचं, अशी ती रीत. कार्यक्षमता, म्हणजे सूर्यप्रकाशातली जेवढी ऊर्जा त्या द्रव्यात साठते ती, सुमारे १० टक्के. मी शेजारी शेतातल्या पिकाचा १ टक्का मांडला आणि मोकळा झालो. पण तो आकडा १८ टक्के कार्यक्षमतेचं सौर पॅनेल धरून काढलेला, आणि जिवाणूंना मिळालेला कार्बन डायऑक्साइड शुद्ध. पिकाचं पान हवेतल्या दहा लाख भागांत जेमतेम ४२० भाग असलेल्या वायूवर भागवतं, कीड-पाऊस सोसतं, स्वतःची डागडुजी स्वतःच करतं. ती तुलना लेखातून काढून टाकली आहे.

तुमचं ज्वारीचं उदाहरण तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) कधीकधी त्याऐवजी चुकून ऑक्सिजन पकडतं. म्हणून ज्वारी शिरांभोवतीच्या पेशींत हा वायू आधी दाट करते आणि मग रुबिस्कोच्या ताटात वाढते. आपल्या रब्बीच्या रानात हे केव्हापासून चाललंय!

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. झाडं लावायलाच हवीत, असलेली तोडू नयेत, यावर वादच नाही. पण झाडातला कार्बन झाड असेपर्यंतचा. ते जळलं, कुजलं की बराचसा परत हवेत. दगडी कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होता. तो वर काढून आपण जाळला. तितक्याच काळासाठी तो परत खाली जायला हवा, आणि हे ओझं एकट्या जंगलावर टाकणं मला पटत नाही.

माझ्या टेबलावर विहिरीच्या खोदाईत निघालेला एक काळा दगड आहे. त्याच्या भोकांत पांढरे खडे भरलेत. त्यातला एक चाकूने खरवडून भुकटीवर लिंबू पिळलं, तर बारीक बुडबुडे आले. ते बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड. कधीकाळी पाण्यात विरघळून आला, या काळ्या दगडातल्या, म्हणजे बेसॉल्टमधल्या, कॅल्शियमला भेटला आणि कॅल्साइट हे खनिज होऊन बसला. (पांढरा दिसणारा प्रत्येक खडा कॅल्साइट नसतो, झिओलाइट हे दुसरं खनिज असेल तर काही फसफसणार नाही.)

आइसलँडमध्ये हेल्लिशेइदी इथे कार्बफिक्स प्रकल्पाची मंडळी हेच मुद्दाम घडवून आणतात. वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडतात. त्यांच्या प्रयोगात सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत खनिज झाला, आणि हा निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. तोवर याला शेकडो वर्षं लागतील असा समज होता. हा निष्कर्ष वाचला त्या रात्री मला झोप आली नाही, कारण महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच जातीच्या दगडावर बसलाय.

पण इथेच एक अडचण आहे, जी तुम्ही मांडली नाहीत. १ टन वायूला तिथे सुमारे २५ टन पाणी लागतं. मराठवाड्यात हे कोणी तोंडातून काढूही नये. समुद्राच्या पाण्यावर त्यांनी प्रयोग सुरू केलेत, ते जमलं तर कोकण किनाऱ्याचा विचार करता येईल. शिवाय तिकडचा बेसॉल्ट तरुण, भोकं मोकळी. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, आणि माझ्या दगडासारखी पुष्कळ भोकं आधीच भरलेली.

तिसऱ्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूने आहे. टेक्सासमधल्या पेट्रा नोव्हा प्रकल्पात कोळशाच्या धुरातला वायू पकडून तेलविहिरीत सोडत होते, आणखी तेल वर यावं म्हणून. २०२० मध्ये तेलाचे भाव पडले आणि पकडणंही बंद झालं, ते थेट २०२३ पर्यंत. हवेतून वायू खेचणारं क्लाइमवर्क्स कंपनीचं ‘मॅमथ’ यंत्र २०२४ साली त्याच हेल्लिशेइदीला सुरू झालं. क्षमता वर्षाला ३६,००० टन. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून जगात निघणारा कार्बन डायऑक्साइड वर्षाला सुमारे ३,७०० कोटी टन. भागाकार करा: मॅमथ पूर्ण क्षमतेने चाललं तरी त्याची वर्षभराची कमाई आपण अर्ध्या मिनिटात धुरात घालवतो. म्हणून आधी धुराडी बंद व्हायला हवीत, आणि जी लगेच होणार नाहीत, उदाहरणार्थ सिमेंटची, तिथे धुराड्याच्या तोंडाशीच वायू धरावा. तिथे तो हवेपेक्षा शेकडो पट दाट असतो. हे मी लेखात ठासून लिहायला हवं होतं. आज तो परिच्छेद वरच घातलाय.

ज्वारीवर स्वतंत्र लेख लिहायला घेतो आहे. वर्गात मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलेल्या पानाच्या छेदाचे फोटो तुमच्याकडे असतील, तर नक्की पाठवा. आणि छापण्याआधी एकदा नजरेखालून घालाल का?