जुहू विमानतळ बंद नाही

‘जुहू विमानतळ 1948 पासून बंद असून ती जागा पडीक आहे’ हा सध्या फिरणारा संदेश चुकीचा आहे. त्या सुमारास नियमित प्रवासी विमाने सांताक्रूझला हलवण्यात आली, एवढेच त्यात खरे आहे. 1928 सालचा हा विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे असून, वैमानिकांच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत ‘व्हीएजेजे’ या संकेताने त्याची नोंद आहे. मुख्य धावपट्टी जेमतेम 1143 मीटरची असल्याने मोठी विमाने येथे उतरत नाहीत. मात्र लाइफ जॅकेट चढवलेले तेलकर्मचारी पवनहंस कंपनीच्या हेलिकॉप्टरने येथूनच अरबी समुद्रातील मुंबई हाय या तेलक्षेत्राकडे जातात, आणि समुद्रात कुणी आजारी पडले तर याच तळाचा आधार असतो, हे विसरून चालणार नाही. कृपया तो संदेश पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा द्यावा.